वेण्णारु मिलच्या पाच जणी

भामाला मिलमध्ये नोकरी मिळाली ती बॅटच्या जोरावर. तंजावूरच्या राजवाड्यामागच्या गल्लीत वाढलेली ही मराठी मुलगी शाळेपासून बॉल बॅडमिंटन खेळायची. लोकरीचा पिवळा चेंडू, लाकडी बॅट, उघडे मैदान आणि जाळीच्या दोन्ही बाजूंना पाच-पाच जणी. तिरुवैयारु रस्त्यावरच्या वेण्णारु सूतगिरणीला तेव्हा बायकांचा चांगला संघ उभा करायचा होता. साहेबांनी तिचा एक सामना पाहिला आणि तिला वाइंडिंग खात्यात घेतले. गल्लीतल्या नातेवाइकांनी नाके मुरडली. राजवाड्याच्या गल्लीतली पोर मिलमध्ये सूत गुंडाळणार, म्हणजे काय! भामाने दिवसा सूत गुंडाळले, संध्याकाळी मैदान गाजवले आणि पुढे मिलमधल्याच फिटरशी, व्यंकटरमणशी, लग्न करून मिल कॉलनीत संसार थाटला. पोंगलच्या स्पर्धेचा चषक तिच्या संघाने इतक्यांदा आणला की मिलच्या ऑफिसातल्या कपाटात त्याची जागाच ठरून गेली.

मग मिल बंद पडली. एका दिवसात नाही. आधी रात्रपाळी गेली, मग दुपारपाळी, आणि एके सकाळी लोक कामावर आले तर फाटकाला साखळी होती. त्यानंतर कॉलनीचा जीव हळूहळू गेला. कॉफीवाल्याने चूल विझवली. फुलवाली फाटकापाशी अजून काही महिने बसली, मग तीही दिसेनाशी झाली. शाळेत मुले उरली नाहीत. माणसे तिरुप्पूरला गेली, कोइमतूरला गेली, ज्यांना जमले ती चेन्नईला. व्यंकटरमण कोइमतूरला पंपांच्या कारखान्यात लागला. महिन्याकाठी एकदा घरी यायचा. भामा गावातल्या एका मोठ्या साडीच्या दुकानात उभी राहू लागली. कायद्याने आता तिथे विक्रेत्या बायकांसाठी स्टुले ठेवली होती, पण गिऱ्हाइकांची रीघ असली की त्यांवर साड्यांचे गठ्ठेच बसत.

लेक वर्षा मात्र कॉलनीच्या मैदानावर आईकडून जे शिकली ते घेऊन कॉलेजात गेली आणि कॉलेजच्या संघाची कप्तान झाली. घरात भामा मराठीत बोलायची आणि वर्षा तमिळमध्ये उत्तर द्यायची. तिला सगळे समजायचे, पण जीभ वळवायचा कंटाळा.

पोंगलच्या तोंडावर, मार्गळी महिन्यातल्या एका संध्याकाळी जेवताना वर्षा सहज म्हणाली, "यंदा पोंगलचा चषक आमचाच. समोर आहे कोण? पूर्वी मिलबिलचे संघ असायचे म्हणे, ते आता कोठले!"

'म्हणे' हा शब्द भामाला बोचला. त्या संघाच्या खांद्यावर बसून ही पोर लहानपणी मिरवणुकीत आली होती, आणि आता 'म्हणे'! तिने पोरीच्या पानात उडदाच्या पिठाची डांगर पचडी आणखी वाढली. दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत दुकानाच्या मागच्या जिन्यात बसून तिने तिरुप्पूरला जुन्या संघातल्या अलमेलुला फोन लावला.

"खेळशील का गं?"

अलमेलु आधी खूप हसली. मग म्हणाली, "शिलाईच्या मशीनवर बसून बसून कंबर धरली आहे माझी. कधी येऊ?"

सीतालक्ष्मी त्रिचीला लेकीकडे होती; तिने नातवाला मांडीवरून उतरवले आणि बस धरली. नागलक्ष्मी गावातच शेअर ऑटो चालवत होती. स्टेला एका इस्पितळात झाडलोट करायची. तिने पाळी बदलून घेतली. अलमेलु दर शनिवारी रात्रभर प्रवास करून येऊ लागली. अशा पाचही जणी जमल्या.

मैदान मिलच्या भिंतीबाहेर होते म्हणून कुलूप नव्हते, पण वेड्या बाभळींनी ते पुरते गिळले होते. पाच जणींनी कोयते घेतले. दोन रविवार त्या नुसत्या बाभळी तोडत होत्या. हातांना काटे, केसांत धूळ, आणि नागलक्ष्मीच्या ऑटोत मागच्या सीटवर बॅटी.

पहिल्या दिवशीचा खेळ बघवत नव्हता. सीतालक्ष्मी चेंडूमागे धावली आणि चेंडू सोडून पायातून उडालेल्या चपलेपर्यंत पोचली. स्टेलाने दम लागून मैदानावरच बसकण मारली. भामाचा उजवा गुडघा वाकला की आतून करकरायचा. पण एक गोष्ट कोणी विसरले नव्हते. मिलमध्ये यंत्रांच्या गोंगाटात कानाशी ओरडले तरी ऐकू यायचे नाही, म्हणून तिथल्या बायका बोटांनी आणि डोळ्यांनी बोलायच्या. धागा तुटला, साहेब येतोय, डब्यात आज काय आहे, सगळे हातांनी. खेळतानाही त्यांचे तसेच चालायचे. भामाने पाठीमागे बोटे नुसती उघडली की नागलक्ष्मी डावीकडे सरकायची. इतक्या वर्षांनी तिने बोटे उघडली, आणि नागलक्ष्मी सरकली. दोघी एकमेकींकडे बघून पोरींसारख्या खिदळल्या.

नाव नोंदवायला भामा गुरुराजरावांकडे गेली. ते स्पर्धेचे चिटणीस, राजवाड्याच्या गल्लीतलेच, बँकेतून निवृत्त झालेले. त्यांनी कॉफी मागवली आणि संघाचे नाव विचारले.

"वेण्णारु मिल."

गुरुराजरावांनी चष्मा काढला. "भामाक्का, मिल बंद होऊन किती वर्षे झाली! चालू असलेली संस्था पाहिजे किंवा क्लब पाहिजे. 'मिल कॉलनी लेडीज क्लब' असे लिहू की?"

"मिल बंद आहे, अण्णा. आम्ही कोठे बंद आहोत?"

"पण नियम असा आहे की..."

"तो चषक मिलने सुरुवातीपासून किती वेळा नेला, ते तुम्हांला ठाऊक आहे. चषकाच्या बुडाशी आमचेच नाव कोरलेले आहे ना? ते खरवडून काढलेत काय?"

गुरुराजरावांनी चष्मा पुसून परत डोळ्यांवर चढवला. कॉफी निवत चालली. शेवटी ते म्हणाले, "कमिटीतले चौघे माझ्या अंगावर येतील." आणि मग किंचित हसून, "येऊ देत की. लिहितो मी."

घरी कळले तेव्हा वर्षा हबकली. "अम्मा, तुझा गुडघा! लोक हसतील. माझ्या मैत्रिणी काय म्हणतील?"

"तुझ्या मैत्रिणींना म्हणावे, नीट तयारी करा."

स्पर्धा सुरू झाली तेव्हा लोक खरेच हसले. साडीवर टी-शर्ट घालून आलेल्या सीतालक्ष्मीकडे बघून कोणी तरी शिट्टीही मारली. पहिल्या सामन्यात समोर एका शाळेच्या शिक्षिकांचा संघ होता, तो हरला. उपांत्य फेरीत ओरत्तनाडूच्या पोरी होत्या, तरण्या आणि चपळ. त्यांना वाऱ्याने चकवले. जानेवारीतला ईशान्येचा वारा लोकरीच्या हलक्या चेंडूला कुठे ओढून नेतो ते ओळखायला वर्षे लागतात, आणि वर्षे तर या पाच जणींकडे भरपूर होती. शिट्ट्या थांबल्या. बातमी फोनवरून फिरू लागली: वेण्णारु मिल फायनलला आहे. समोर वर्षाचे कॉलेज.

फायनलच्या दुपारी भामा मैदानात आली आणि जागच्या जागी थबकली. राजवाड्यामागचे स्पर्धेचे मैदान भरून गेले होते. तिरुप्पूरहून एक अख्खी व्हॅन आली होती. कोइमतूरची माणसे होती, चेन्नईची होती. कार्डिंग खात्यातले, ब्लो-रूममधले, कॅन्टीनमध्ये वर्षानुवर्षे इडल्या वाफवणारी बाई, तिसऱ्या पाळीचे जॉबर, सगळे. सणाला गावी आलेले आणि मुद्दाम आलेले. आणि त्यांच्या मधोमध, गळ्यात परईचा ढोल अडकवून, तिचा नवरा.

"तुम्हांला वाजवता येते कधीपासून?" तिने विचारले.

"येत नाही की," व्यंकटरमण म्हणाला. "पण आवाज तर होतो."

सामना सुरू झाला. भामा मधे, अलमेलु आणि सीतालक्ष्मी पुढे, नागलक्ष्मी आणि स्टेला मागे. पहिला डाव मिलने घेतला आणि लोकांनी मैदान डोक्यावर घेतले. पण भामाच्या कपाळाला आठी होती. तिच्या लक्षात आले होते की वर्षाचे सगळे जोरकस फटके स्टेलाकडे जातात, नागलक्ष्मीकडे जातात. आईच्या वाट्याला येतात ते हातात ठेवल्यासारखे मऊ चेंडू. पोर तिचा गुडघा सांभाळत होती.

बाजू बदलताना भामा जाळीपाशी थांबली आणि मराठीत म्हणाली, म्हणजे आसपासच्या तमिळ मुलींना काही कळू नये, "वर्षे, दया करतेस काय गं माझ्यावर?"

वर्षा खाली बघू लागली.

"मी तुला खेळ शिकवला तो हा नव्हे. माझ्याकडे मार. नाही मारलास तर हा चषक मला नको, आणि तू जिंकलीस तरी मी घरी तुझ्याशी बोलणार नाही."

वर्षाने मान वर केली. डोळे भरले होते, पण हनुवटी आईसारखीच पुढे आली होती. आणि तिने मराठीत उत्तर दिले, अडखळत, जुन्या पद्धतीने, आजीने बोलावे तसे: "मारीन मी. मग रडू नकोस, अम्मा."

आणि तिने मारले. दुसऱ्या डावात पोरीने असे काही फटके लगावले की भामाला बॅट आडवी घालायलाही उसंत मिळेना. गुडघ्यापाशी, खांद्यावरून, दोन्ही पायांच्या मधून. डाव कॉलेजने सहज नेला. लोक हिरमुसले. भामा मात्र तोंड पुसत पुसत हसत होती. अलमेलुने विचारले, "हरतोय आपण, हसतेस काय?" तर म्हणाली, "पोर बघ माझी!"

तिसऱ्या डावात व्यंकटरमणने परईवर जो हात टाकला तो उचललाच नाही. त्याच्या जोडीला कोणी तविलचा ढोल आणला होता, कोणी डबे बडवत होते, कॅन्टीनवाल्या बाईने पातेले आणि पळी घेतली होती. एवढा गोंगाट उठला की पंचाला हातवारे करून गुण सांगावे लागले. कॉलेजच्या मुली एकमेकींना हाका मारत खेळायच्या, 'माझा', 'सोड', 'तुझा'. त्या हाका आता ऐकूच येईनात. एका चेंडूवर दोघी धावल्या आणि एकमेकींवर आदळल्या. दुसऱ्यावर कोणीच धावले नाही.

आणि पाच जणी मात्र आपल्या घरी आल्या होत्या. एवढ्याच आवाजात तर त्यांची उमर गेली होती. भामाची बोटे पाठीमागे उघडली, मिटली, वळली. स्टेला पुढे आली, नागलक्ष्मी सरकली, अलमेलुने भुवई उडवली आणि सीतालक्ष्मी जाळीपाशी आयती उभी. कोणी तोंड उघडले नाही. चेंडू जिथे पडायचा तिथे कोणी तरी आधीच असायची. कडेला बसलेल्या जुन्या मिलवाल्या बायकांना ती बोटे वाचता येत होती. त्या फटक्याच्या आधीच टाळ्या पिटत होत्या.

वर्षाच्या ते ध्यानात आले. ती हुशार होती. तिनेही हातांनी खुणा करायला सुरुवात केली आणि कॉलेजने पिछाडी भरून काढली. गुण सारखे झाले. एकच गुण उरला.

सर्व्हिस भामाकडे आली. समोर वर्षाच होती. डाव्या कुशीपाशी खाली आलेला चेंडू वर्षाला लहानपणापासून जड जातो, हे जगात एका माणसाला ठाऊक होते. भामाने क्षणभर लेकीकडे पाहिले. मग, दया करायची नाही असे ठरले आहे ना, म्हणून तिने चेंडू वाऱ्यावर सोडला आणि तो वळून नेमका त्या डाव्या कुशीपाशी उतरला.

वर्षाने तो घेतला. घेतला! आजवरचा तिचा सगळ्यांत सुंदर फटका तो. चेंडू भामाच्या डोक्यावरून मागच्या रेषेकडे निघाला. भामाला वळता येणार नव्हते. तिने वळायचा विचारही केला नाही. फक्त पाठीमागे मूठ उघडली. मागे नागलक्ष्मी रेषेवर पोचलेली होती. तिने चेंडू उंच परतवला, अलमेलुने जाळीपाशी उडी मारली, कंबर धरलेल्या अलमेलुने, आणि चेंडू पलीकडच्या मातीवर दाणकन उतरवला.

मग काय झाले ते कोणालाच नीट सांगता येत नाही. माणसे दोऱ्या ओलांडून आत घुसली. सीतालक्ष्मीला तिच्या जावयाने उचलले. स्टेला गुडघ्यांवर बसून क्रॉसची खूण करत होती. ध्वनिक्षेपकावर गुरुराजराव घसा फाडून ओरडत होते, "विजेते, वेण्णारु मिल! वेण्णारु मिल!" आणि त्यांच्या कमिटीतले चौघेही उभे राहून टाळ्या वाजवत होते.

वर्षा जाळीखालून वाकून पलीकडे आली. तिने आईला घट्ट धरले आणि कानाशी मराठीतच म्हणाली, "पुढल्या वर्षी मी जिंकणार."

"ये की," भामा म्हणाली. "आम्ही कोठे जातो?"

बक्षीस देताना फोटोग्राफरने पाच जणींना ओळीने उभे केले. तेवढ्यात कॅन्टीनवाली बाई पातेल्यासकट त्यांच्या शेजारी येऊन उभी राहिली. मग जॉबर आले. मग कार्डिंगवाले, त्यांच्या बायका, त्यांची नातवंडे. फोटोग्राफर ओरडला, "फक्त टीम, फक्त टीम!"

"ही टीमच आहे," भामा म्हणाली आणि तिने वर्षालाही हाताला धरून आत ओढले.

बिचारा फोटोग्राफर मागे सरला. अजून माणसे आली. तो अजून मागे सरला. मैदान ओलांडून तो रस्त्यावर पोचला, बसवाल्याने हॉर्न वाजवला, बस थांबवावी लागली. तरी कडेची माणसे चौकटीत मावेनात. शेवटी तो समोरच्या घराच्या गच्चीवर चढला, आणि तिथून त्याने सगळ्यांना वर बघायला सांगितले.

सगळ्यांनी वर पाहिले. भामाने चषक दोन्ही हातांनी उंच धरला होता.