सोळा फ्रेम आधी

ऐका ना, आधी मी सगळं सांगते, मग काय हसायचं ते हसा. मधे कोणी बोलायचं नाही. तुम्हाला माहितीये ना, मी प्रत्येक इंटरव्ह्यूमध्ये पॅडची गोष्ट सांगते? कॉलेजच्या प्लेसमेंटला सांगितली, या नोकरीला सांगितली, तुम्हाला तर कान किटेपर्यंत सांगितलीये. तर ती गोष्ट खोटी निघाली. म्हणजे मी खोटं नव्हते बोलत. मलाच माहीत नव्हतं!

नवीन मंडळींसाठी पटकन परत सांगते. आमच्या आण्णांची, म्हणजे माझ्या बाबांची, बेंजो पार्टी होती. तेव्हा आम्ही अंबरनाथला राहायचो, शिवमंदिराच्या मागच्या गल्लीत. आण्णा एमआयडीसीत फिटर, आणि लग्नाचा सीझन आला की गळ्यात बेंजो. हळद, साखरपुडा, गणपतीचं विसर्जन, काहीही. आणि पॅडवर जितूदादा. जितेश, आमच्या शेजारचा, माझ्यापेक्षा चार वर्षांनी मोठा. ते आठ चौकोनांचं इलेक्ट्रॉनिक पॅड असतं ना, काठीने मारलं की एकातून ढोल, एकातून टाळी, एकातून ताशा, ते. दहावीला दोनदा बसलेला माणूस, पण हात असा की हळदीला लोक नवऱ्याला सोडून त्याच्याकडे बघत बसायचे.

आणि मी कोण? मी वायरवाली. टेम्पोत स्पीकरच्या मागे बसायचं, वायर जोडायची सोल्डरिंग गन हातात, आणि कोणी ओरडलं "किर्ते, वायर!" की धावायचं. मला तर ते गाण्यापेक्षा भारी वाटायचं.

माझ्या दहावीच्या सुट्टीत पॅडचा आवाज गेला. लाइट लागते, बटणं चालतात, आवाज नाही. आतलं साउंडचं कार्ड उडालं होतं. रिपेअरवाला बोलला, नवीन घ्या. आण्णांनी नुसतं पॅडवर फडकं टाकलं आणि चहा प्यायला गेले. तेव्हा मी कुठेतरी वाचलं होतं की पॅडला मागून एक वायर लावली तर ते कॉम्प्युटरला सांगतं, 'मला इथे मारलं', आणि आवाज कॉम्प्युटर काढतो. मग काय! मी आणि जितूदादा उल्हासनगरला, भूपेशभाईंच्या जुन्या लॅपटॉपच्या दुकानात. भूपेशभाई बोलले, "बेटी, इसमें गेम-वेम नहीं चलेगा." मी बोलले, "अंकल, गेम नहीं, हळद बजानी है." ते जितूदादाकडे बघून बोलले, "दूल्हा ये है क्या?" जितूदादा आख्ख्या रस्त्याने लाल.

आणलं, लावलं, आवाज आला! पण मागे. दादा काठी मारतो, काठी वर पण जाते, आणि मग ढुम्म. दादा बोलला, "किर्ते, हे मागे पडतंय गं. मी हाक मारतो आणि हे चप्पल शोधून मग येतं."

आता हे का होतं ते ऐका, कारण मी आज नोकरीत पण हेच करते. कॉम्प्युटर आवाज थेट स्पीकरला नाही देत, आधी साठवतो. आपल्याकडे नळाला पाणी दिवसातून एकदाच येतं म्हणून ड्रम भरून ठेवतात ना, तसं. ड्रम मोठा ठेवला की पाणी कधी तुटत नाही, पण वरून टाकलेलं पाणी खालच्या तोटीपर्यंत यायला वेळ लागतो. म्हणजे उशीर. ड्रम लहान केला की पाणी लगेच येतं, पण मधेच संपतं, आणि स्पीकर कडकड कडकड करतो. आख्खी कला काय, तर ड्रम केवढा ठेवायचा.

मी तीन दिवस त्या ड्रमच्या मागे. लहान केला, कडकड. मोठा केला, उशीर. जेवण नाही, अंघोळ नाही, आई शिव्या देतेय. तिसऱ्या दिवशी दुपारी वांगणीला हळद होती. निघायच्या आधी सेटिंग एकदम बसलं, मी लॅपटॉप बंद केला, टॉवेलात गुंडाळला आणि टेम्पोत मांडीवर घेऊन बसले. तिथे खुर्चीवर मांडला, चालू केला, जितूदादाने चार-पाच काठ्या मारल्या. मी विचारलं, "पडतंय का मागे?" दादा परत दोन मिनिटं वाजवत राहिला. मान खाली. मग बोलला, "नाही. आता बरोबर."

आणि काय वाजवलंय त्या दिवशी! आण्णा मांडवात एकेकाला धरून सांगत होते, "माझ्या पोरीने केलं, माझ्या पोरीने." मी त्या दिवशी ठरवलं की आपण इंजिनियर. चार वर्षं पार्टी त्याच पॅडवर वाजली. मग डीजे आले, लॉकडाऊन आला, आम्ही बदलापूरला हेंद्रेपाड्यात फ्लॅट घेतला, बेंजो कपाटावर गेला. जितूदादा अंबरनाथच्या एका कंपनीत पॅकिंगच्या मशीनवर लागला. इथपर्यंत तुम्हाला माहितीये.

आता मागच्या शनिवारचं ऐका.

आमची कंपनी शाळांसाठी टॅबलेट बनवते, त्याची ऑपरेटिंग सिस्टीम पण आमचीच. त्यात मुलांसाठी वाजवायचं पॅड दिलंय. बोट लागल्यापासून आवाज बाहेर येईपर्यंतचं सगळं माझ्याकडे. चार महिने मी तेच करतेय. आणि आमचं काम म्हणजे काय सांगू, स्क्रीनवाल्यांनी रंग बदलला तरी डेमोत टाळ्या, आणि आमचं बरोबर चाललं तर कोणाला कळत पण नाही. आमची आठवण कधी? कडकड झालं की! आमचे हेमचंद्र सर, म्हणजे टीमचे मोठे, त्यांचं एकच, "किर्ती, वीस." वीस मिलिसेकंदाच्या आत आवाज यायला पाहिजे. सोमवारी शाळांचे लोक बघायला येणार होते. शुक्रवारी माझ्या मशीनने दाखवलं एकोणीस. मी घरी एकटी नाचले.

पण मला ना आकड्यावर भरवसा नव्हता, मला हात पाहिजे होता. मी जितूदादाला फोन केला. शनिवारी सकाळी तो घरी आला, हातात वडापावची पिशवी, केस जरा मागे सरकलेत, बाकी तोच. टॅबलेट बघून बोलला, "याच्यावर? काठी मारली तर फुटेल." मी बोलले, "बोटाने वाजव." मी समोर दुसऱ्या फोनवर ठेका लावला, टिक टिक, प्रत्येक टिकला लाइट पण लागते. आणि माझा फोन उभा करून स्लो मोशनमध्ये शूटिंग.

आणि त्याने वाजवलं ना! अरे, काटा आला. आण्णा पेपर टाकून बाहेर आले, दारात उभे राहून मांडीवर ताल धरतायत. टिकवर टिक, आवाज एकदम अंगाला चिकटून. मी लगेच व्हिडिओ सरांना पाठवला. सरांनी आख्ख्या ग्रुपवर टाकला, अंगठे, फुलं, 'किर्ती रॉक्स'.

आम्ही वडापाव खात होतो. मी उगाच तो व्हिडिओ हळू करून बघत होते, दादाचा हात बघायला. एका सेकंदाच्या दोनशे चाळीस फ्रेम असतात त्यात. आणि मी खाता खाता थांबले. बोट टॅबलेटला लागलं. टिकची लाइट लागलीच नाही. मी एकेक फ्रेम पुढे सरकवली. सोळा फ्रेमनंतर लाइट लागली, आणि तेव्हाच आवाज. पुढचा ठोका बघितला. सोळा. त्याच्या पुढचा, सोळा. म्हणजे एकोणीस-बिकोणीस काही नाही, आवाज पासष्ट मिलिसेकंदांच्या वर मागे येत होता. आणि दादा प्रत्येक ठोका बरोबर तेवढाच आधी टाकत होता!

मी बोलले, "दादा, तू आधी मारतोयस."

तो चटणी लावता लावता बोलला, "मग? तुझ्या पॅडवर असंच मारावं लागतं ना."

मी बोलले, "माझ्या म्हणजे? वांगणीला तू बोलला होतास बरोबर झालंय."

"झालंच होतं की. मीच केलं ना बरोबर."

आणि मला तेव्हा आठवलं. तो लॅपटॉप बंद करून चालू केला की सेटिंग पुसलं जायचं, दर वेळी परत बसवावं लागायचं! मी घरी बसवलं, बंद केला, वांगणीला परत चालू केला आणि घाईत सेटिंग विसरले. म्हणजे तिथे काहीच नव्हतं झालेलं. त्या दोन मिनिटांत, मान खाली घालून, तो हात आधी टाकायला शिकला होता. तो 'बरोबर' बोलला म्हणून मी सेटिंगला परत हात नाही लावला, आणि पुढे चार वर्षं त्याने तसंच वाजवलं. माझ्या समोर!

मी बोलले, "सांगायचंस तरी!"

"काय सांगू? तीन दिवस जेवली नव्हतीस. तिकडे आण्णा सगळ्या मांडवाला सांगत सुटलेले. मग म्हटलं जाऊ दे, हात जरा लवकर टाकू."

मी आण्णांकडे बघितलं. आण्णा हसतायत. बोलले, "माझ्याकडे काय बघतेस? तुला सोडून सगळ्या पार्टीला माहीत होतं."

हसा, हसा. मी रडत होते तिथे, हातात अर्धा वडापाव.

मग सरांना फोन लावला. "सर, व्हिडिओवर जाऊ नका, पासष्ट लागतायत." सर बोलले, "अगं, ऐकायला तर मस्त आहे." मी बोलले, "सर, टॅबलेट मस्त नाहीये, माणूस मस्त आहे. चौथीतलं पोरगं वाजवेल, मागे पडेल, आणि बोलेल मलाच येत नाही. कोणाला कळणार पण नाही चूक आपली होती." सर बोलले, "मग उद्या संध्याकाळपर्यंत नीट कर."

सापडलं. आवाज जाड करणारा एक फिल्टर दुसऱ्या टीमने स्पीकरच्या आधी बसवला होता, त्याचा स्वतःचा वेगळा ड्रम. माझं मशीन मोजत होतं फक्त माझ्या दारापर्यंत. पुढच्या गल्लीत पाणी तुंबलंय ते मी बघितलंच नव्हतं. रविवारी दुपारपर्यंत पॅडसाठी तो फिल्टर बाजूला केला आणि दादाला परत बोलावलं. सुट्टीच्या दिवशी, बिचारा परत आला.

ठेका लावला. दादाने वाजवलं. आणि वाकडं! आख्ख्या आयुष्यात मी जितूदादाला बेताल ऐकलं नव्हतं. प्रत्येक ठोका टिकच्या आधी धावतोय. आतून आण्णा ओरडले, "जित्या, पळतोयस कुठे? नवरी पळाली काय?"

दादा टॅबलेट उलटासुलटा करून बघतोय. बोलला, "किर्ते, बिघडवलंस. काल बरं होतं."

मी त्याच्या पाठीत एक घातली आणि ओरडले, "झालं! दादा, खरंच झालं!" तो माझ्याकडे असा बघतोय की हिला काय लागलंय. मी व्हिडिओ दाखवला. बोट लागतं तेव्हाच आवाज, मधे फक्त चार फ्रेम. तो कितीतरी वेळ ते मागेपुढे करून बघत बसला. मग हळूच बोलला, "म्हणजे आता थांबायचं?"

सोमवारी टॅबलेट पास झाला, टाळ्या स्क्रीनवाल्यांना, ते सोडा. मी सांगतेय ते रविवारचं. दादा घरी गेलाच नाही. मांडी घालून बसला, टिकवर बोट वर धरून थांबायचा, आणि बोट ऐकायचंच नाही, आपोआप आधीच पडायचं. मी दर वेळी शूट करून सांगत होते, सोळा आधी. पंधरा. अकरा. चहा गार झाला, आईने दुसरा केला, तो पण गार. सात. संध्याकाळी मी बोलले, "दादा, पुरे आता, तुला कुठे शाळेत वाजवायचंय?"

त्याने वर पण नाही बघितलं. बोलला, "तू तीन दिवस बसलेलीस ना तेव्हा? मग गप. लाव ठेका."