मोह सुटलेले टायर

रविवारी सकाळी जुन्या गोदामाच्या आवारात चाळीसेक गाड्या रांगेत उभ्या होत्या आणि प्रत्येक गाडीचं चाक आजारी होतं. निदान त्यांच्या मालकांचं तरी तसं म्हणणं होतं. कुणाचं चाक अपघाताच्या जागेवरून गेल्यापासून जड झालेलं, कुणाच्या चाकाला शेजाऱ्याची नजर लागलेली. रांगेत टॅक्सीवाले होते, एक बँकेतला कॅशियर होता, दातांचा एक डॉक्टरसुद्धा होता. एरवी पेशंटने दुखऱ्या दाढेत लवंग धरून आल्याचं सांगितलं तर हा डॉक्टर ओरडतो. इथे मात्र हात जोडून उभा.

सगळ्या गाड्या हायब्रिड, म्हणजे पेट्रोलवरही चालणाऱ्या आणि बॅटरीवरही. हायब्रिडवाल्यांना एक खोड असते. लिटरला किती किलोमीटर पडले ते समोरच्या पडद्यावर सतत दिसत असतं, त्यामुळे माणूस रस्ता कमी आणि पडदा जास्त बघतो. दोन हायब्रिडवाले भेटले की आधी तब्येत विचारत नाहीत, "किती देते?" असं विचारतात. या एका आकड्यासाठी माणसं काय वाटेल ते करतात. या गोदामात दर रविवारी टायर 'सिद्ध' करून देणाऱ्या चाकबाबाने ते बरोबर हेरलं होतं.

चाकबाबा बाहेर आला. अंगात पांढराशुभ्र डगला, हातात तांब्याची कांडी. डगल्यावर ग्रीसचा एक ठिपका नाही. ग्रीस न लागलेला टायरवाला आणि पीठ न लागलेला गिरणीवाला, दोघांपासून चार हात लांब राहावं. पण हे कुणाला सांगणार?

"चाकाला स्मृती असते," बाबाने सुरुवात केली. "कारखान्यात रबर भट्टीत भाजतात. ते दुःख चाक विसरत नाही. म्हणून ते रस्त्याला धरून बसतं. याला म्हणतात चाकाचा मोह. मोह आला की चाक जड, चाक जड की पेट्रोल जास्त. मी काही करत नाही. मी फक्त मोह सोडवतो."

मग प्रयोग झाला. फाटकाजवळच्या उतारावर एकाच जातीच्या दोन गाड्या इंजिन बंद करून सोडल्या. साध्या टायरची गाडी खांबापाशी थांबली. बाबाच्या सिद्ध टायरची गाडी खांब ओलांडून, वळण घेऊन, थेट भिंतीपर्यंत गेली. टाळ्या पडल्या. दातांच्या डॉक्टरने डोळे पुसले.

गर्दीच्या मागे एक पन्नाशी उलटलेला माणूस उभा होता. सरकारी वाहन तपासणी केंद्रात तो सव्वीस वर्षं तपासनीस होता. ब्रेक, दिवे, टायर, पुन्हा ब्रेक, दिवे, टायर. "हवा बघत जा हो," हे वाक्य त्याने इतक्या वेळा म्हटलं होतं की ते आता झोपेतही तोंडातून निघतं, असं बायको सांगायची. पालथ्या घड्यावर पाणी ओतायचाही पगार मिळतो, असं तो स्वतःबद्दल म्हणे. सुट्टीच्या दिवशी टायरचं तोंड बघायची त्याला मुळीच इच्छा नव्हती. पण धाकट्या बहिणीने बोलावलं होतं.

बहीण हॉस्पिटलसाठी गाडी चालवायची. डायलिसिसच्या तीन पेशंटना आठवड्यातून तीनदा पहाटे घरून न्यायचं आणि दुपारी परत सोडायचं, हे तिचं काम. हॉस्पिटल उताराच्या तळाशी, पेट्रोल तिच्या पदरचं. गुरुवारी फोनवर ती सहज बोलून गेली होती, "दादा, रिमझिम होती, सिग्नल लाल झाला आणि माझी गाडी निम्मी पुढे गेली. आजकाल थकते रे मी. लक्ष राहत नाही." तेव्हापासून त्याचा जीव थाऱ्यावर नव्हता. बहीण वीस वर्षं गाडी चालवत होती. लक्ष न राहणाऱ्यांतली ती नव्हे.

"आता या ताई आपला अनुभव सांगतील," बाबा म्हणाला.

बहीण पुढे गेली. खोटं बोलणं तिच्या स्वभावात नाही, त्यामुळे ती जे घडलं तेच बोलली. "माझे जुने टायर पार गुळगुळीत झाले होते, तरी गाडी लिटरला चोवीस द्यायची. चार महिन्यांपूर्वी नवे घातले. चांगले, कमी पेट्रोल लागणारे म्हणून निवडून घेतलेले. तर बावीसवर आली. इंजिन दाखवलं, बॅटरी दाखवली, काही सापडेना. शेवटी इथे आले. बाबांनी ते टायर ठेवून घेतले, सिद्ध टायर दिले. तीन आठवडे झाले. पंचवीस देते."

तपासनिसाने डोळे मिटून घेतले. आकडे खरे होते, हीच तर पंचाईत होती. ते नवे टायर त्यानेच निवडून दिले होते. टायरवरच्या लेबलावर दोन श्रेणी असतात, एक पेट्रोलची आणि एक ओल्या रस्त्यावरच्या पकडीची, दोन्ही चांगल्या असलेलेच घे, असं त्याने बजावलं होतं. मायलेज पडलं तेव्हा तिने फोन केला होता. तो नुकताच कामावरून आला होता, बूटही काढले नव्हते. "चालव गं थोडे दिवस," म्हणून त्याने फोन ठेवला होता. पिकतं तिथे विकत नाही म्हणतात. पण इथे विकणाऱ्यानेच दुकान उघडलं नव्हतं.

तो बहिणीच्या गाडीजवळ जाऊन उकिडवा बसला. टायर काळेभोर चमकत होते. खाचा खोल होत्या, पण खाचांच्या तळाशी जे छोटे उंचवटे असतात, टायर किती झिजला हे दाखवणारे, ते कुठेच नव्हते. खाचेची कड बोटाला वितळून गोठल्यासारखी लागत होती. खिशातल्या मापकाने त्याने हवा बघितली. हवी त्याच्या दीडपट. आणि टायरच्या अंगावर, नेमकी एकाच जागी, तांब्याची पट्टी डकवलेली.

"ही पट्टी कशाची?" त्याने विचारलं.

"सिद्धीची," बाबा म्हणाला. "काढली की सिद्धी गेली."

"काढत नाही. तुमच्या प्रयोगातल्या गाड्यांची हवा बघू का?"

"आपण कोण?"

"हिचा भाऊ. वाहन तपासनीस."

बाबा हसला. "सरकारी माणूस. कागद दिसतो, चाकाचं मन दिसत नाही. ताई, तुमच्या भावाला तुमचं बरं झालेलं बघवत नाही का?"

बहिणीचा चेहरा उतरला. "दादा, चारचौघांत कशाला? तू सांगितलेले टायर घेतले तेव्हा काय झालं ते बघितलं ना मी."

ते त्याला लागलं. परत फिरावं आणि घरी जाऊन झोपावं, असं त्याला मनापासून वाटलं. सव्वीस वर्षांत अशा जागेवरून तो कितीतरी वेळा परत फिरला होता. पण उद्या सोमवार होता आणि पहाटे तिच्या मागच्या सीटवर तीन आजारी माणसं बसणार होती.

"मायलेज वाढलंय, मान्य," तो म्हणाला. "मला फक्त गाडी थांबते का ते बघायचंय. ती नळी घ्या, थोडं पाणी मारा जमिनीवर."

"सिद्ध चाकाला पहिला आठवडाभर पाणी वर्ज्य," बाबा घाईने म्हणाला.

"त्यांना तर तीन आठवडे झाले," रांगेतला एक मिशीवाला टॅक्सीवाला म्हणाला. "आणि पाऊस काय आठवडा बघून पडतो?"

लोक हसले. हसू फुटलं की भक्तीची हवा थोडी उतरते. मिशीवाल्याची गाडी बहिणीच्याच जातीची होती, टायर वर्षभराचे, साधे, आज सिद्ध करून घ्यायला आणलेले. तो स्वतःच म्हणाला, "माझी घ्या. होऊन जाऊ दे."

आवाराच्या लांब बाजूला काँक्रीट ओलं केलं. तपासनिसाने खडूने रेघ मारली. वेग चाळीस, रेघेवर चाक आलं की पूर्ण ब्रेक. मिशीवाला आला, रेघेवर ब्रेक लावला, गाडी थांबली. तिथे वीट ठेवली.

मग बहीण. तिने ब्रेक लावला तो रेघेवरच, सगळ्यांनी बघितलं. गाडी विटेपाशी आली, विटेच्या पुढे गेली, आणखी एक गाडीभर गेली, दुसरी गाडीभर गेली आणि रचलेल्या टायरांच्या ढिगाला टेकायला वीतभर राहिली तेव्हा थांबली. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत.

बहीण उतरली नाही. स्टिअरिंगवर दोन्ही हात तसेच. तपासनीस खिडकीशी गेला.

"गुरुवारी मागे आजी होत्या," ती हळू बोलली. "डायलिसिस झालं की त्यांची मान पण सावरत नाही. सिग्नलला समोरून मुलं रस्ता ओलांडत होती, दादा. हातभर राहिली होती. मला वाटलं मीच पेंगले. तीन दिवस मी स्वतःला शिव्या देतेय."

"तू पेंगली नव्हतीस."

ती उतरली, डिकीतून पान्ह्यांची पिशवी काढली, स्क्रू-ड्रायव्हर घेतला आणि तांब्याची पट्टी स्वतःच उचकटली. बाबा "अहो ताई" म्हणेपर्यंत पट्टी खाली पडली होती. आत रबरावर चार आकडे उमटवलेले होते.

"पहिले दोन आकडे आठवड्याचे, शेवटचे दोन सालाचे," तपासनीस म्हणाला. "प्रत्येक टायरवर असतात. वाचा."

मिशीवाल्याने मोठ्याने वाचले. टायर नऊ वर्षांचा होता.

मग तपासनिसाने सगळं फोडून सांगितलं. तुम्ही रांगेत जे गुळगुळीत टायर सोडून जाता, तेच मागे जातात. तापलेल्या कातणीने त्यांच्यात खाचा कोरतात, वर काळं पॉलिश, आकड्यांवर पट्टी, की झाले सिद्ध. झिजलेला टायर हलका फिरतो, कारण रस्त्यावर दबून पेट्रोल खाणारं रबरच त्याच्यावर उरलेलं नसतं. नव्या टायरवर ते जाड असतं, म्हणून नवे घातले की मायलेज सुरुवातीला थोडं पडतंच. त्यात दीडपट हवा ठासली की चाक गोटीसारखं पळतं. आणि बाबा ज्याला मोह म्हणतो, ती टायरची पकड. ब्रेक लावल्यावर गाडी त्या मोहानेच थांबते. त्याने प्रयोगातल्या साध्या गाडीला मापक लावून दाखवलं. तिच्यात हवा निम्मी होती.

"हा नास्तिकपणा आहे," बाबा ओरडला. "चाकं सूड घेतील." चोराच्या उलट्या बोंबा. पण पाय फाटकाकडे वळले होते, आणि फाटकाशी त्याची स्वतःची गाडी उभी होती.

बहीण त्या गाडीकडे बघत राहिली. पुढच्या टायरच्या अंगावर तिरका ओरखडा होता, हॉस्पिटलच्या कठड्याला घासून पडलेला. "हे माझे टायर आहेत," ती म्हणाली. "चारही." बाबाने जगाचा मोह सोडवला होता, पण स्वतः ओल्या रस्त्यावर उत्तम थांबणारे टायर घालून फिरत होता. मिशीवाल्याने गाडीची किल्ली काढून घेतली, कुणीतरी पोलिसांना फोन लावला आणि दातांचा डॉक्टर मागचं शटर उचलायला सगळ्यांत पुढे धावला. आत कातणी होती, पॉलिशचे डबे होते आणि गेल्या रविवारी लोकांनी सोडलेले टायर ओळीने लावलेले होते.

इथे गोष्ट संपायला हरकत नव्हती. पण कॅशियर जवळ आला आणि खालच्या आवाजात विचारू लागला, "ते सगळं खरं हो साहेब, पण मायलेज तर वाढतं ना? कोरड्या दिवसात घातले तर?"

इतकं डोळ्यांसमोर होऊनही? "करा काय करायचं ते," तपासनीस म्हणाला आणि वळला.

बहिणीने त्याची बाही धरली. "असाच वळतोस तू. माझ्याशीही असाच वळलास. मायलेज पडलं तेव्हा मी वेडी झाले होते, तुला फोन केला. तू म्हणालास, चालव थोडे दिवस. आणि या माणसाने मला बसायला खुर्ची दिली, पाणी दिलं, तासभर चाकाबद्दल बोलला. सगळं खोटं बोलला, पण बोलला. बोलणाऱ्याची माती खपते, दादा, आणि न बोलणाऱ्याचं सोनं पडून राहतं. त्या मुलांना काही झालं असतं तर ते माझ्या एकटीच्या अडाणीपणामुळे झालं असतं का?"

गाडीत बसणाऱ्या तीन जिवांपेक्षा त्या दिवशी त्याला स्वतःचे बूट काढायची घाई जास्त होती, एवढंच खरं होतं.

लोकहो, चमत्कार करणारा सांगतो ते नेहमी सबंध खोटं नसतं. आकडा खरा असतो, कारण खोटं असतं. म्हणून आकडा दाखवला की विचारा, कशामुळे? पट्टी दाखवली की विचारा, खाली काय आहे? पाण्याची बंदी घातली की पाणी मारून बघा. आणि ज्यांना कारण माहीत आहे त्यांनी, कितीही थकले असले तरी, फोन ठेवू नये. शहाण्याने तोंड मिटलं की त्या रिकाम्या जागी कुणीतरी पांढरा डगला घालून येऊन बसतो.

तपासनीस मागे वळला, कॅशियरला टायरच्या ढिगावर बसवलं आणि स्वतःही शेजारी टेकला. "कोरड्या दिवसातही नको," तो म्हणाला. "कोरून पातळ केलेला टायर दीडपट हवेने उन्हात फुटतो. कसा ते सांगतो. समजलं नाही तर पुन्हा विचारा, मला घाई नाही." आणखी सात-आठ जण जवळ सरकले. तो अर्धा तास बोलला. घसा बसला तरी बोलला.

शेवटी बहिणीच्या गाडीला तिचे टायर परत बसले. चारही चाकांचे नट त्याने स्वतः आवळले, हवा स्वतः मोजली. ती सुरू करून पडद्याकडे बघू लागली तशी त्याने आकड्यांवर हात ठेवला.

"बावीस दाखवेल," तो म्हणाला. "कदाचित साडेबावीस. नवे टायर आहेत, पकड धरतात, म्हणून. चुकलं माझं, हे मी तेव्हाच सांगायला हवं होतं. घाबरू नकोस. लाल दिसला की गाडी थांबेल."