इथे फक्त इंग्रजी

मला कोरियन येत नाही. निदान तोंगयोंग शहरातल्या सगळ्या आयांचा तसा पक्का समज आहे, आणि तो तसाच राहावा म्हणून मला पगार मिळतो.

खरं तर माझा जन्म इथलाच. मासळीबाजारामागच्या चढावर आमचं घर होतं. मी नऊ वर्षांची असताना आईबाबा मला घेऊन टोरांटोला गेले आणि मोठी होऊन मी परत आले ती इंग्रजी शिकवायला. पासपोर्ट कॅनडाचा, बोलणं कॅनडाचं, चेहरा मात्र इथलाच. या चेहऱ्याचं करायचं काय, हा आमच्या क्लासच्या मालकीणबाई प्यो मॅडम यांना पडलेला मोठा प्रश्न होता. त्यांनी माझे केस तांबूस रंगवून घेतले, कू मी-रानची स्टेला केली आणि बजावलं, "हे बघा स्टेला टीचर, आजपासून तुम्हाला कोरियन येत नाही. वर्गात नाही, लिफ्टमध्ये नाही, खालच्या किंबापच्या खाणावळीतसुद्धा नाही. टीचरला आपलं बोलणं समजतं हे पोरांना एकदा कळलं, की इंग्रजी बोलायला ती काय वेडी आहेत?"

"आणि कुणी विचारलंच तर?"

"गोड हसायचं."

तेव्हापासून मी गोड हसतेय. जबडा दुखायला लागलाय.

लिफ्टमध्ये आया माझ्या तोंडावर बोलतात. दानबीची आई त्यात सगळ्यांत पुढे. "चेहरा बघ, अगदी आपला. पण एक अक्षर समजत नाही बिचारीला." मग दुसरीला कोपराने ढोसून, "आणि जाड झालीय, नाही? मधाचे पाव चापत असणार." मी हसते, इंग्रजीत शुभ संध्याकाळ म्हणते आणि घरी जाऊन उशीला बुक्के मारते.

दानबी पहिलीतली. वर्गात तिच्या तोंडून शब्द फुटायचा नाही. पण क्लासची पिवळी व्हॅन दोन फेऱ्या करते आणि दानबीचा नंबर दुसऱ्या फेरीत. वर्ग रिकामा झाला की ती खुर्ची ओढत माझ्या टेबलापाशी यायची, कागदाच्या होड्या करायची आणि बोलत सुटायची. चक्क कोरियनमध्ये, आणि तेही भिंतीवरच्या 'इथे फक्त इंग्रजी' या पाटीच्या बरोबर खाली बसून.

"तुला काही कळत नाही ना?" तिने पहिल्याच दिवशी खात्री करून घेतली होती. "बरंय. आमच्या मांजराला पण नाही कळत."

तर असा मला मांजराचा हुद्दा मिळाला. तिचा बाबा योकजी बेटावर मत्स्यशेतीवर गेला होता. कामामुळे येत नाही, असं आई सांगायची. "पण कामाला जाताना कुणी उन्हाळ्याचे आणि थंडीचे, दोन्ही कपडे नेतं का गं?" दानबी मला विचारायची. शब्द माझ्या जिभेपर्यंत यायचे आणि मी इंग्रजीत म्हणायचे, "वा, काय सुंदर होडी!" स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटायची.

त्या शुक्रवारी दानबी होडी करत नव्हती. पाय हलवत म्हणाली, "उद्या बाबाचा वाढदिवस. मी जाणारेय. आईला सांगणार, पियानोला चाललेय. बोटीवर एखाद्या आजीच्या मागे उभी राहीन. लोकांना वाटेल, तिची नात."

तिला व्हॅनमध्ये बसवलं आणि मी तडक प्यो मॅडमच्या खोलीत शिरले. तिथे दार लावून कोरियन बोलायची मुभा होती. सगळं सांगितलं.

"पण हे तुम्हाला कळलं कसं?" मॅडमनी शांतपणे विचारलं.

"तिने सांगितलं म्हणून!"

"तिने कोरियनमध्ये सांगितलं. तुम्हाला कोरियन येत नाही."

"मॅडम, पोरगी एकटी बोटीवर जाणार आहे! तुम्ही तिच्या आईला फोन करा, नाहीतर मला नंबर द्या."

"आणि आई विचारेल, कुणी सांगितलं. मग? अहो, मुलं काय वाटेल ते बडबडतात. माझा मुलगा तर चंद्रावर जाणार होता. आणि नवराबायकोच्या भानगडीत आपण कशाला पडायचं?" त्यांनी माझ्यापुढे चहा सरकवला. "तुम्ही फार मनाला लावून घेता. बाहेरून आलेल्या टीचरला हे शोभत नाही."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. चहा तसाच टाकून मी निघाले.

शनिवारी सकाळी पहिल्या बोटीआधीच मी धक्क्यावर पोचले. मनात म्हणत होते, मॅडमचंच खरं निघू दे. पण रांगेत एका आजीबाईंच्या मागे, त्यांच्या कांदापातीच्या जुडीला चिकटून, दानबी उभी होती. पाठीवर पियानोच्या क्लासची पिशवी.

मी धावत जाऊन तिचा हात धरला आणि सवयीने इंग्रजीतच म्हणाले, "दानबी, चल."

तिने ओळख दाखवली नाही. आजीबाईच वळल्या. "ए बाई, पोरीला कशाला ओढतेस? कोण गं तू?" रांगेतले लोक पुढे सरकले. तांबूस केसांची कुणी परकी बाई पोरगी पळवतेय, असंच त्यांना वाटलं. तिकडे बोटीचा भोंगा वाजला.

"अहो आजी, मी टीचर आहे हिची!" मी ओरडले. मासळीबाजारातला अस्सल हेल, कुठे दडला होता कोण जाणे, पण आला. "घरी न सांगता आलीय ही, एकटी! जाऊ देऊ नका हिला!"

आजीबाई बाजूला झाल्या. दानबी माझ्याकडे बघत राहिली.

"तुम्हाला येतं?" ती म्हणाली. आजवर मी 'तू' होते.

"हो."

"मांजराचं बोललेलं पण कळलं?"

"हो."

"बाबाच्या कपड्यांचं?"

"सगळं."

"मग कधी काहीच का नाही बोललात?"

प्यो मॅडमचं नाव घ्यायची मला लाज वाटली. तिने माझ्या हातातून हात सोडवून घेतला आणि आजीबाईंना आईचा नंबर तोंडपाठ सांगितला.

आई घरातल्या चपलांवरच धावत आली. मी तिला सगळं सांगितलं. तिचा पहिला प्रश्न, "तुम्हाला कोरियन येतं?"

"अहो, पोरगी बोटीत चढत होती!"

"हो, पण... म्हणजे लिफ्टमध्ये... ते मधाच्या पावाचं..."

"तेही कळलं."

ती मटकन बाकावर बसली आणि तोंड झाकून रडायला लागली. जरा वेळाने डोळे पुसत म्हणाली, "मी मॅडमना काही बोलणार नाही. तुम्हीही आमच्या घरचं कुणाला काही बोलू नका." मग उठली आणि पुढच्या बोटीची दोन तिकिटं काढून आली. मायलेकी बोटीत चढल्या. दानबीने मागे वळून पाहिलं नाही.

सोमवारी वर्ग सुटल्यावर मी दानबीची खुर्ची टेबलापाशी ओढून ठेवली. ती आली नाही. मागच्या बाकावर, दप्तर मांडीवर घेऊन बसून राहिली.

"शनिवार-रविवार कसा गेला?" मी इंग्रजीत विचारलं.

"छान गेला. धन्यवाद, टीचर." स्वच्छ, खणखणीत इंग्रजीत.

प्यो मॅडम नेमक्या दारात होत्या. त्यांचा चेहरा खुलला. आत येऊन माझ्या कानाशी कुजबुजल्या, "बघा! म्हटलं नव्हतं? नियम पाळला की मूल आपोआप बोलतं." आणि गुणगुणत निघून गेल्या.

दार बंद झाल्यावर मी मागच्या बाकापाशी गेले. गुडघ्यांवर बसून, हळूच, आमच्या भाषेत विचारलं, "दानबी, बाबा भेटला का गं?"

तिने माझ्याकडे पाहिलं. मग बोट वर करून भिंतीवरची पाटी दाखवली.