दोनशे लिटर समुद्र

"हात बाहेर काढा आधी."

"बोटच तर बुडवलंय."

"बोटाला काय काय चिकटलेलं असतं ते मला विचारा. चौतीस वर्षं तेच बघितलंय."

पाणबुड्यांनी बादलीतलं बोट काढलं आणि बाई बघत असतानाच सरळ तोंडात घातलं. डोळे मिटून चव घेतली. "फिकं आहे. अजून मूठभर लागेल."

"तुमच्या जिभेला दशांश कळत नाहीत," बाई म्हणाल्या आणि त्यांनी खारटपणा मोजायचा काचेचा मापक बादलीत सोडला. मापक डुलला, स्थिरावला. एक पूर्णांक शून्य दोन तीन. हवं होतं शून्य दोन पाच. बाईंनी मिठाची पिशवी उघडली आणि मूठभर मीठ घातलं. पाणबुडे जिंकल्यासारखे खुर्चीत जाऊन बसले.

अशा दहा बादल्या व्हायच्या होत्या. बाहेरच्या खोलीत भिंतीला लागून, लोखंडी स्टँडवर, तीन फूट लांबीची काचेची टाकी कोरी उभी होती.

बाई शहराच्या जलशुद्धीकरण केंद्राच्या प्रयोगशाळेतून वर्षभरापूर्वी निवृत्त झाल्या होत्या. केंद्रात त्यांना पाठीमागे 'सुप्रीम कोर्ट' म्हणत, कारण त्यांनी नापास केलेल्या नमुन्यावर पुढे अपील नसे. एकदा एका साहेबाने, "थोडं इकडेतिकडे चालतं हो," असं म्हटलं, तेव्हा बाईंनी तोच नमुना पेल्यात ओतून साहेबासमोर ठेवला होता. साहेबाला तहान नव्हती.

त्यांचे यजमान बंदरातले पाणबुडे. जहाजांच्या पोटाखाली जाऊन पंखे तपासायचे, गंज खरवडायचा, भेगा बुजवायच्या, हे काम त्यांनी तीस वर्षं केलं. गल्लीत सगळे त्यांना पाणबुडेच म्हणत. नव्या पोस्टमनने तर ते आडनाव समजून तसं पाकिटावरच लिहून टाकलं होतं. बंदराचं पाणी म्हणजे गाळ आणि तेल. डोळ्यासमोर धरलेला हात दिसत नसे. सगळं काम चाचपून. एवढी वर्षं समुद्रात उतरून या माणसाने समुद्र असा पाहिलाच नव्हता.

एकदाच पाहिला होता. दूरच्या एका बेटावर धक्क्याची साखळी तपासायला पाठवलं होतं. तिथलं पाणी काचेसारखं. साखळीच्या बुडाशी, वाऱ्यावर गवत हलावं तशा हलणाऱ्या एका फुलासारख्या प्राण्यात, पांढऱ्या पट्ट्यांचे दोन नारिंगी मासे होते. त्यातला एक बाहेर आला आणि चष्म्याच्या काचेवर टोचा मारून परत आत गेला. वीस मिनिटं पाणबुडे बघत राहिले होते. ही गोष्ट पाणबुड्यांनी लग्नानंतर पहिल्या आठवड्यात बाईंना सांगितली होती, आणि त्यानंतर भेटेल त्याला.

आता डोळ्यांच्या पडद्याच्या आजाराने पाणबुड्यांच्या डाव्या डोळ्याचं काम संपलं होतं आणि उजव्याला तोच आजार लागला होता. डोळ्यांची डॉक्टर वयाने लहान, पण बोलायला स्पष्ट होती. "इंजेक्शनांनी वेग कमी होईल, थांबणार नाही. जे काही नीट बघून घ्यायचं असेल, ते दोन-तीन महिन्यांत बघून घ्या, काका."

दवाखान्याच्या पायऱ्या उतरताना पाणबुड्यांनी एकच विचारलं. "ते मासे घरी ठेवता येतात का गं?"

"येतात," बाई म्हणाल्या. त्यांना माहीत नव्हतं. पण प्रश्न पाण्याचा होता, आणि पाण्याचा प्रश्न आपल्याला सुटणार नाही असं त्यांना आजवर कधी वाटलं नव्हतं.

माशांचा दुकानदार चाळिशीचा, हळू बोलणारा माणूस होता. त्याने बाईंना पंप, हीटर, वाळू असं सगळं दिलं, करायच्या गोष्टींचा एक छापील कागद दिला, आणि शेवटी टबातून खडबडीत, भोकाभोकांचे आठ दगड काढून ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळले.

"हे जिवंत दगड, मॅडम. धुवायचे नाहीत, वाळवायचे नाहीत. घरी गेल्या गेल्या पाण्यात."

"जिवंत म्हणजे?"

"जीवाणू असतात ना भोकांमध्ये. कोट्यवधी. माशांच्या घाणीतून अमोनिया होतो, तो हे खाऊन टाकतात. टाकी खरं तर तेच चालवतात."

"आणि त्यातले चांगले कोण, वाईट कोण, ते ओळखायचं कसं? गणवेश असतो का त्यांना?"

दुकानदार मनापासून हसला. बाईंनी विनोद केला नव्हता.

घरी येऊन त्यांनी मोरीत वर्तमानपत्र उघडलं. दगडांवर तपकिरी बुळबुळीत थर होता. वास येत होता. एका भोकातून केसाळ अळीसारखं काहीतरी बाहेर आलं, त्याने बाईंकडे पाहिल्यासारखं केलं आणि परत आत गेलं. बाईंनी लाल पेन घेतलं, दुकानदाराच्या कागदावरची 'दगड धुऊ नयेत' ही तिसरी ओळ खोडली आणि समासात लिहिलं : निर्जंतुकीकरण आवश्यक. हाताखालच्या मुलांचे अहवाल त्या असेच तपासत. हा व्यापारी माणूस, याने प्रयोगशाळा पाहिलेली नाही, एवढाच त्याचा दोष. आधी भांडं स्वच्छ करावं. चांगले जीवाणू काय, हवेतून येतील, माशांबरोबर येतील.

दगड चोवीस तास क्लोरीनच्या पाण्यात राहिले. मग बाईंनी औषध घालून क्लोरीन मारला, उरलासुरला मोजला. शून्य. काम चोख झालं होतं. दगड हाडांसारखे पांढरे दिसत होते.

"नवेकोरे झाले की," पाणबुडे म्हणाले.

"नवे नाहीत. स्वच्छ."

दुसऱ्या दिवशी टाकी भरली. पंप सुरू झाला, हीटर सव्वीस अंशांवर लागला. कागदाच्या सातव्या ओळीत कोळंबीचा एक तुकडा पाण्यात सडू द्यायला सांगितलं होतं, म्हणजे अमोनिया तयार होतो आणि जीवाणूंना खाद्य मिळतं. ही ओळ बाईंनी मंजूर केली, कारण तिचा परिणाम मोजता येणार होता. त्यांनी भिंतीवर तक्ता लावला. अमोनिया आधी चढणार, मग उतरणार. तो उतरताना, जीवाणू त्यातून बनवतात ते नायट्राइट चढणार, मग तेही उतरणार. दोन्ही शून्य झाले की मासे. तीन आठवडे, फार तर चार.

पाणबुड्यांची खुर्ची टाकीसमोर आली. सकाळी चहा घेऊन ते तिथे बसत आणि रिकाम्या पाण्याकडे बघत.

"आज कोण आलंय?" बाई स्वयंपाकघरातून विचारत.

"कुणी नाही. पण जागा मस्त आहे. मला कामाला असं पाणी मिळालं असतं ना, तर मी वर आलोच नसतो."

"मग मला पेन्शन सुरू झाली असती लवकर."

अमोनिया पाचव्या दिवशी चढला. पंधराव्या दिवशी तिथेच होता. बाईंनी पाणी बदलून पाहिलं, पंपाची दिशा बदलली. एकविसाव्या दिवशी तपासणीचं किटच खराब म्हणून दुसरं आणलं. दुसऱ्यानेही तेच सांगितलं. तिसाव्या दिवशी तक्त्यावर अमोनियाची रेघ पठारासारखी सपाट होती आणि नायट्राइटच्या रकान्यात शून्याखाली शून्य, शून्याखाली शून्य. पाणी मात्र इतकं स्वच्छ की टाकीत पाणी आहे हे सांगावं लागे.

बाईंनी दुकानदाराला फोन केला. "तुमच्या दगडांत खोट आहे. येऊन बघा."

तो त्याच संध्याकाळी आला. टाकीकडे त्याने पाहिलं न पाहिलं, बाही वर करून एक दगड बाहेर काढला, नाकाशी नेला.

"हे माझे दगड नाहीत."

"तुमचेच आहेत. आठ मोजून दिलेत."

"माझे जिवंत होते." त्याने दगड उलटा केला. "धुतले का, मॅडम?"

"निर्जंतुक केले."

"किती वेळ?"

"चोवीस तास. क्लोरीन."

त्याने दगड अगदी हळू परत ठेवला. "चोवीस तासांत मग काही उरत नाही."

"माहीत आहे," बाई म्हणाल्या. "त्यासाठीच ठेवले होते."

हे वाक्य तोंडातून बाहेर पडलं आणि त्यांनी ते स्वतः ऐकलं. चौतीस वर्षं ज्यांना मारलं त्यांच्याच येण्याची त्या महिनाभर वाट बघत बसल्या होत्या. दुकानदार गेल्यावर त्यांनी लाल पेनने तक्त्याच्या तळाशी लिहिलं : नमुना नापास. कारणाच्या रकान्यात स्वतःची सही केली. मग त्या पाणबुड्यांसमोर येऊन उभ्या राहिल्या. त्यांनी सगळं ऐकलेलंच होतं.

"महिना गेला," बाई म्हणाल्या. "माझ्यामुळे."

"आजवर किती जणांना नापास केलंस तू?"

"शेकड्यांनी."

"स्वतःला?"

"आज पहिल्यांदा."

"मग आता काय करतं सुप्रीम कोर्ट?"

"फेरतपासणी."

"लवकर कर," पाणबुडे म्हणाले. आवाजात थट्टा नव्हती. "सकाळी चहा देताना तुझ्या तोंडावर नाक दिसलं नाही मला."

दुसऱ्या दिवशी दुकान उघडायच्या आधी बाई शटरसमोर उभ्या होत्या.

"तुमची सगळ्यात घाण टाकी कुठली?"

दुकानदाराने मागच्या बाजूला सात वर्षं चालू असलेल्या टाकीपाशी त्यांना नेलं. तिच्या फिल्टरचा स्पंज काढून पिशवीत घालून दिला. नावाला स्पंज, दिसत होता काळा चिखल. नवे दगडही दिले. या वेळी बाईंनी ते ओल्या कागदासकट मांडीवर घेऊन रिक्षातून आणले आणि केसाळ अळीसकट पाण्यात ठेवले. मग स्पंज हातात घेतला.

हातमोजे घालावेत का, असा विचार मनात आला. त्यांनी घातले नाहीत. दोन्ही हात कोपरापर्यंत टाकीत बुडवून त्यांनी तो स्पंज पिळला. काळ्या धुराचे लोट पाण्यात पसरले. हात थांबले नाहीत. त्यांनी पुन्हा पिळला, दगडांवर पिळला, वाळूवर पिळला. समोरची भिंत दिसेनाशी झाली.

"हां!" खुर्चीतून पाणबुडे ओरडले. "आता कसं बंदरासारखं झालं!"

बाई हसल्या. कोपरापासून काळं पाणी गळत होतं आणि त्या टाकीला टेकून हसत राहिल्या.

दोन दिवसांनी पाणी निवळलं. चौथ्या दिवशी अमोनियाची रेघ पहिल्यांदा वाकली. सातव्या दिवशी नायट्राइट चढलं. सतराव्या दिवशी दोन्ही शून्यावर आले. बाईंनी तीनदा मोजलं आणि मगच तक्त्यावर 'पास' लिहिलं.

माशांची जोडी पाण्याने भरलेल्या पिशवीतून आली. पिशवी टाकीत तरंगत ठेवून त्यात पेल्यापेल्याने टाकीचं पाणी मिसळायचं होतं. घाई चालणार नव्हती. बाईंनी घाई केली नाही, पाणबुड्यांनी मात्र चाळीस मिनिटांत नऊ वेळा "सोडलेस का?" विचारलं.

"सोडले."

पाणबुडे खुर्चीत पुढे सरकले. चेहरा काचेपासून वीतभर अंतरावर.

"कुठे आहेत?"

"डावीकडे. दगडाच्या कपारीत."

ते बराच वेळ बघत राहिले. "नारिंगी?"

"नारिंगी. पट्टे पांढरे."

"छान आहेत," पाणबुडे म्हणाले.

बाईंनी हा आवाज ओळखला. अहवाल न वाचता सही करणारे साहेब याच आवाजात बोलत. त्यांनी मनातल्या मनात हिशेब केला, जो त्यांना टाळता येण्यासारखा नव्हता : ते दगड पहिल्या दिवशी तसेच पाण्यात गेले असते, तर हे मासे महिनाभर आधी आले असते. त्या खाद्याचा डबा आणायला आत गेल्या आणि तिथे जरा जास्तच वेळ उभ्या राहिल्या.

दोन दिवस पाणबुडे टाकीसमोर नेमाने बसले आणि नेमाने "छान आहेत" म्हणाले. तिसऱ्या दिवशी बाई भाजी घेऊन आल्या, तर खुर्ची वळलेली. पाणबुडे कपाटाकडे तोंड करून बसले होते. टाकी त्यांच्या उजव्या खांद्याशी होती.

"अहो, टाकी इकडे आहे."

"श्श. मधे येऊ नकोस." त्यांनी मान जराही हलवली नाही. "सरळ बघितलं की मधे नुसता डाग येतो. म्हणून या कपाटाच्या कडीवर नजर लावली. लावली तर काय, दोघं आपोआप कडेला आले. मोठा पुढे, धाकटा मागे. आता पंपाजवळ गेले बघ."

बाईंनी पाहिलं. दोघे पंपाजवळ होते.

"रंग?" त्यांनी विचारलं.

"रंग नाही कळत." पाणबुड्यांची नजर कडीवरच होती. "चाल कळते. तीच चाल आहे."

बाईंनी पिशवी खाली ठेवली. खिडकीचा उजेड काचेवर चमकत होता. त्यांनी पडदा ओढला, मग अर्धा उघडला, मग पाऊण. "आता?"

"आता धाकट्याची शेपटीपण."

आठवड्याने दुकानदार टाकी बघायला आला. पाणी पाहिलं, दगडांवर उगवू लागलेला जांभळट थर पाहून खूश झाला. मग त्याचं लक्ष कपाटाकडे तोंड करून बसलेल्या पाणबुड्यांकडे गेलं. झाडलोट करताना कुणीतरी खुर्ची सरकवली असेल, असं त्याला वाटलं असावं. त्याने मागून खुर्चीच्या पाठीला हात घातला.

"काका, जरा उठता का? खुर्ची सरळ करून देतो."

"राहू द्या," बाई म्हणाल्या. "सरळच आहे ती."

दुकानदाराने हात काढून घेतला. बाईंनी चिमटीत खाद्य घेतलं आणि हात पाण्यावर नेला.

"थांब जरा," कपाटाकडे बघत पाणबुडे म्हणाले. "धाकटा अजून वर आलेला नाही."

बाईंनी हात तसाच पाण्यावर धरून ठेवला.