बुबू मरिनेटची होडी

बुबू मरिनेटची होडी तुम्ही बंद केलीत, साहेब. शिक्का मारून, सही करून. बुडालेल्या जहाजापासून दोनशे मीटरच्या आत गावातली होडी नको, डायव्हिंग करणाऱ्यांच्या सुरक्षेसाठी. त्या डायव्हिंग करणाऱ्यांपैकी एक मी. आज मी जिवंत आहे तो त्या होडीमुळे, आणि हे तुम्हाला माहीत असूनही तुम्ही हुकूम काढलात.

चौकशीला तुमच्या कचेरीतला माणूस आला होता. बदामाच्या सावलीत बसून त्याने दोन नारळ प्यायले, बुबूने पानात भाजून दिलेला लॅपलॅप खाल्ला आणि मी सांगितलेलं निम्मंच लिहून घेतलं. म्हणून आता सगळं मीच लिहितो. शाळा सहावीपर्यंत झाली आहे, अक्षर वाईट आहे, वाचून घ्या.

चूक माझी होती, ती आधी लिहितो. त्या सकाळी धक्क्याजवळच्या काठीवर नामेले झाडाचं हिरवं पान बांधलेलं मी पाहिलं. पान म्हणजे बंदी, हे इथल्या रांगत्या पोरालाही कळतं. पण ईस्टरपासून आमच्या खडकांवर शंख काढायला बंदी आहे. पान वाळलं की सरपंच नवं बांधतो. मला वाटलं, तेच बदललंय. शंखबंदी शंख काढणाऱ्याला. मी पाहुण्यांना जहाज दाखवून आणतो, माझा काय संबंध? मी पुढे गेलो.

शंखाचं पान डोक्याच्या उंचीवर बांधतात. हे गुडघ्याशी होतं. गुडघ्याशी म्हणजे पाण्यात पाय घालू नका. दहा वर्षं शहरात गोदामात काढून आलेला माणूस मी, उंची बघायला विसरलो.

ते पान बुबूने बांधलं होतं. ती माझी सख्खी आजी नाही, पण आमच्या किनाऱ्यावर ती सगळ्यांचीच बुबू. पहाटे तिला पाण्यावर रानवेताचे तुकडे तरंगताना दिसले. आमच्या बेटावर थेंब पडला नव्हता. मोठ्या बेटाच्या डोंगरात मात्र दोन दिवस कोसळत होता. ओहोटी लागली की नदीचं लाल पाणी खाडीतून आमच्याकडे येणार आणि ओढ दुप्पट होणार, हे तिने वेताच्या तुकड्यांवरून ओळखलं. धक्क्यावरच्या तुमच्या फलकावर त्या दिवशी लिहिलं होतं: पाणी स्वच्छ, प्रवाह मंद.

माझ्याबरोबर आयरीन होती, ऑकलंडची नर्स, पन्नाशी उलटलेली. वर मोटारबोटीवर तामाता. आम्ही बोयाच्या दोरीने उतरलो तेव्हा पाणी खरंच स्वच्छ होतं. जहाज कुशीवर पडलंय, वरच्या बाजूचा कठडा अठरा मीटरवर. आयरीनला तोफ दाखवली, चिनीमातीचे कप दाखवले. परत कठड्यापाशी आलो आणि वरचा उजेड विझला. लाल पाणी आलं होतं. मनगटावरचं घड्याळ मास्कला टेकवलं तरी आकडे दिसेनात. ओढ अशी की आयरीनचे पाय झेंड्यासारखे मागे फडफडत होते. तिने एका हाताने कठडा धरला होता, दुसऱ्या हाताने मला.

बोयाची दोरी जिथे असायला हवी तिथे नव्हती. हात सोडून वर जावं तर प्रवाह थेट खाडीबाहेर नेणार, आणि त्या लाटांत तामाताला आमची डोकी दिसणार नाहीत. उजेड विझण्याच्या जरा आधीच आयरीनने बोटांनी खूण केली होती, टाकीत साठ बार हवा उरली आहे. साठ म्हणजे थोडे श्वास.

तेव्हा कठडा वाजला. कानाला नाही, तळहाताला कळलं. टक टक टक, मग थांबून पुन्हा टक टक टक. आमच्या बायका जाळ्याकडे मासे हाकताना दगड असेच आपटतात. पाण्यात आवाज कुठून येतो ते उमगत नाही, पण लोखंड खोटं बोलत नाही. डावीकडे सरकलो, ठोका बारीक झाला. उजवीकडे सरकलो, जाड झाला. आयरीनला ओढत, हातावर हात टाकत गेलो. वरून दोरीने सोडलेला दगड माझ्या बोटांवरच आपटला. नखं काळी झाली. तेवढ्या आनंदाने मी आयुष्यात कधी मार खाल्ला नाही.

शेजारीच नांगराची दोरी होती. ती धरून वर आलो, डायव्हिंगच्या नियमाप्रमाणे पाच मीटरवर थांबलो, आणि डोकं बाहेर काढलं तर होडीत बुबू.

"पान दिसलं नाही का रे विरा? की डोळे शहरातच विकून आलास?"

"दिसलं बुबू. मला वाटलं शंखाचं."

"शंखाचं गुडघ्याला? शंख काय लंगड्या माणसासाठी आहेत?"

आयरीन होडीची कड धरून रडत होती. बुबू म्हणाली, "हिला सांग, रडणं आवर. माझ्या होडीत आधीच फार पाणी आहे."

मी सांगितलं. आयरीन रडता रडता हसली.

तामाताची बोट तोवर आली. बिचारा दूरवर घिरट्या घालत होता. बोयाच पाण्याखाली ओढला गेला होता, त्याला जागा सापडेना. बुबूला बोया लागत नाही. चर्चचा पत्रा आणि वाकडा वड एका रेषेत आले की खाली जहाज. चाळीस वर्षं ती तिथेच गळ टाकते. आम्हाला पान ओलांडताना किनाऱ्यावरून पाहिलं आणि वल्हं उचलून निघाली. पासष्ट वर्षांची बाई, त्या ओढीत, एकटी.

दुसऱ्या रविवारी मी चटई आणि सुरणाची टोपली घेऊन तिच्याकडे गेलो. बायको, मुलगी, सगळे गेलो. मुलीने तिच्या मांडीवर डोकं ठेवलं. बुबूने टोपली उचलून पाहिली.

"तुझ्या जिवाच्या मानाने सुरण बरे आहेत," ती म्हणाली. "बस, जेवून जा."

रोज सकाळी चहा पिताना माझी काळी नखं दिसतात आणि मी मनात तिच्या पाया पडतो. आयरीनचं पत्र आलं, तीही तेच लिहिते. हे सगळं मी तुमच्या माणसाला सांगितलं. पानाची चूकही सांगितली. त्याने लिहिलं: घटनास्थळी विनापरवाना होडी आढळली.

आता होडी बदामाखाली पालथी आहे. बुबू किनाऱ्यावरून गळ टाकते आणि बोटाएवढे मासे घरी नेते. मी म्हटलं, बुबू, चल, मी बरोबर येतो, कोण अडवतो बघू. ती म्हणाली, "नको. ते तुझं काम बंद करतील. तुझी मुलगी अजून लहान आहे."

मला वाचवून तिचं भागलं नाही, अजून वाचवतेच आहे.

तर साहेब, एकच विचारतो. हा हुकूम महिनाभर आधी निघाला असता, तर त्या दिवशी आमच्या डोक्यावर तुमच्यापैकी कोण आलं असतं? नाव लिहून कळवा. पत्ता पाकिटावर आहे.