उसना मूळपुरुष

...कोरा या तारवाद्याच्या दांड्यावरचे चामड्याचे एक कडे, सातव्या तारेचे, तेवढेच सैल. बुरामा सुसोने ते अंगठ्याने वर रेटले, तार छेडली, पुन्हा रेटले. सूर केव्हाच लागला होता. पण वाजवणारा सूर लावत असताना केबा सान्यांग बोलणार नाहीत, म्हाताऱ्यांना एवढी रीत कळते – आणि तारा एकवीस आहेत, घाई कशाला.

अंगणात केबांच्या नातवाच्या बारशाचा मेंढा बांधलेला होता. सान्यांगांकडे मूल झाले की सुसोंनी यायचे, त्यांचे पूर्वज गायचे. पिढ्यान्‌पिढ्या हेच. आज ते तुटणार होते, आणि तेही रेडिओमुळे.

"कालचं रेडिओवरचं गाणं तुझंच ना?" केबांनी विचारलेच. "त्या नॉर्वेवाल्याबरोबरचं?"

"हो, बाबा."

"त्यात आमचा मूळपुरुष होता. मनसाली. चाळीस घोडे घेऊन नदी ओलांडणारा. तो नॉर्वेला कधी गेला रे?"

चुलीपाशी बायका खुदखुदल्या.

...टोरलाइफ, तो नॉर्वेवाला, चेलो वाजवणारा. भला माणूस, उकडलेले बटाटेसुद्धा आग्रहाने वाढायचा. ऑस्लोत, रेकॉर्डिंगच्या आधी, बुरामाने त्याला विचारले, तुझे आजोबा कोण? दातांचे डॉक्टर. त्यांचे वडील? ठाऊक नाही – छत्री हरवल्यासारखे हसत सांगितले त्याने. पूर्वजच नसलेल्या अशा उघड्या माणसासमोर वाजवायचे तरी कसे? लाल दिवा लागला आणि बुरामाच्या तोंडून मनसालीच निघाला, टोरलाइफचा मूळपुरुष म्हणून, घोड्यांसकट. तिथे कुणाला कळणार होते! पण अर्थ सांगितल्यावर टोरलाइफ रडला.

"त्याला कुणीच नव्हतं, बाबा."

"म्हणून माझा दिलास? लोक मीठ उसनं मागतात, मूळपुरुष नाही!"

"अरे बुरामा," केबांची बहीण फांता चुलीजवळून ओरडली, "निदान वीस घोडे तरी परत आणायचेस!"

"तू गप्प बस गं." केबांनी काठी आपटली. "गा. पहिल्यापासून. उरलेत का आमचे पूर्वज, ते बघू दे. एक नाव अडखळलं, तर नातवासाठी दुसऱ्या घरचा गाणारा बोलावतो."

बुरामाने गायला सुरुवात केली. मनसाली आला, नदी आली, मुलगा, नातू – नावे आपसूक येत होती, जशी ऑस्लोत आली होती. किती सहज आली होती... जणू जिभेला सवयच होती. आणि वाजवतानाच त्याला दिसले: पहिला सुसो, पहिल्या सान्यांगासमोर बसलेला. तुझे वडील कोण, तो विचारतोय. आणि समोरचा फाटका माणूस हसून म्हणतोय, ठाऊक नाही... म्हणजे मनसाली इथेही उसनाच?

बोटे थांबली नाहीत. केबा डोळे मिटून डोलत होते, प्रत्येक नावाला ओठ हलवत, आई न्हाऊ घालत असताना मूल बसते तसे निवांत. बुरामाने आपली भीती शोधली. ती कुठेच सापडेना. वाटले ते भलतेच – या म्हाताऱ्याच्या खांद्यावर काहीतरी पांघरावे. त्याने आवाज खाली आणला, अगदी जपून, आणि पुढचे नाव घेतले.