स्पितीचा दगड

"माई, हा दगड या परातीत कुणी घातला?"

"मीच. उद्या घट बसायचेत, म्हटलं सगळे देव एकदमच उजळून घ्यावे." अन्नपूर्णा घासता घासता माईंनी मान वर केली. "तुझा देव तेवढा फेसाळला रे, मार्तंडा. किती मळ असावा!"

मार्तंडने चिंचेच्या कोळात हात घातला. सकाळपासून आंबटात भिजलेली चुनखडी विरघळून साबणाच्या वडीसारखी गुळगुळीत झाली होती. पन्नास कोटी वर्षांपूर्वी समुद्रतळाशी सरपटलेल्या, दगडात ठसा उरलेल्या ट्रायलोबाइट किड्याच्या बरगड्या आता बोटांना लागत नव्हत्या. एम.एस्सी.च्या सहलीत, स्पितीच्या खोऱ्यात, तो दगड त्याला सापडला होता. आयुष्यात स्वतःला सापडलेली अशी ती एकच गोष्ट. आणि तीच पाहायला संध्याकाळी विभागप्रमुख जगदेवराव यायचे होते.

"हा देव आहे का, माई?"

"तूच म्हणालास ना, माझ्या सगळ्या देवांहून जुना म्हणून? हात धुतल्याशिवाय शिवू नको म्हणालास."

म्हणाला होता, हसत. आईला तेवढं पुरे, असं मानून.

संध्याकाळी जगदेवरावांनी दगड खिडकीशी नेला, भिंग लावलं आणि खाली ठेवलं.

"क्या भिया, ये तो सफाचट हो गया! कुणाचा हा पराक्रम?"

माई चहा घेऊन दारात आल्या होत्या.

"कामवालीचा," मार्तंड म्हणाला. "अडाणी बाई. चिंचेत बुडवून ठेवला."

त्या घरात कामवाली कधीच नव्हती.

"इन लोगों का कोई इलाज नहीं," जगदेवराव हसले. "माई, तुम्ही घरात असताना असं कसं झालं हो?"

"चुकलंच," माई म्हणाल्या. "लक्ष ठेवायला हवं होतं मी." कप ठेवून त्यांनी चिंचेने काळवंडलेली बोटं पदराआड घेतली. जगदेवरावांनी ती पाहिली. मग ते बराच वेळ टेकरीवरच्या देवीच्या दर्शनाला होणाऱ्या गर्दीबद्दलच बोलत राहिले.

सकाळी घट बसले. आरती झाली. मार्तंड खोलीत येऊन बसला, तेव्हा माई केरसुणी घेऊन उंबऱ्याबाहेर थांबल्या.

"आतला केर काढू का? की नको?"

इतक्या वर्षांत हे त्यांनी कधी विचारलं नव्हतं. त्याला पुष्कळ बोलायचं होतं. "काढ," एवढंच तो म्हणाला.

माई वाकून झाडत आल्या. दगड ठेवलेल्या टेबलाला लुगड्याचा काठही लागू नये, म्हणून त्यांनी निऱ्या एका हाताने आवरून धरल्या होत्या.